मदत हवी आहे: बाहेरच्या भिंतीत कुत्र्यासाठी झडप बसवायची आहे, भिंत कुठे फोडावी?

नमस्कार मंडळी,

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी बांधलेला बंगला. कॉलम नाहीत, स्लॅबचा सगळा भार नऊ इंची विटांच्या भिंतींवर. मोती आता अकरा वर्षांचा झालाय, रात्री दोन-तीनदा त्याला बाहेर जावं लागतं. दर वेळी आईच उठते. गुडघे दुखतात तरी मला हाक मारत नाही. परवा अंधारात उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचली.

मागच्या दाराबाहेर पायऱ्या आहेत, त्या मोतीला उतरवत नाहीत. म्हणून जेवणाच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीतून वाट काढायचा विचार आहे, तिथे बाहेर ओटा आहे. मोती खांद्यापर्यंत २१ इंच उंच, छाती ९ इंच रुंद. गवंडी म्हणतो, कटरने अर्ध्या दिवसात भोक पाडून देतो, एवढ्याशाला वर लिंटेल (भार पेलणारी आडवी तुळई) कशाला? मला ते पटत नाही. पावसाचा मारा नेमका त्याच भिंतीवर असतो. आणि आमच्या भागात बिबट्या येतो, ही धास्ती वेगळीच. कुणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १
ताई, त्या भिंतीत खिडकी आहे का? असेल तर तिच्या बरोबर खाली, तिच्याच रुंदीच्या आत फोडा. वरचा भार खिडकीच्या लिंटेलने आधीच दोन्ही बाजूंना नेलेला असतो, खालच्या विटांवर फारसं वजन नसतं. कोऱ्या भिंतीत फोडायचं तर लिंटेल हवंच, दोन्हीकडे किमान सहा इंच टेकलेलं. एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वायरिंगचा पाइप कुठून गेलाय तेही आधी बघा.

प्लास्टर धरून भिंत साडेदहा इंच भरेल, म्हणून आत-बाहेर दोन झडपा लावा. मधल्या बोगद्याला खिडकीला करतात तशी कडप्प्याची चौकट करा. खालचा कडप्पा बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतरता ठेवा, म्हणजे पाणी आत येणार नाही. मोकळी जागा १२ बाय १९ इंच पुरे. म्हाताऱ्या कुत्र्याला पाय फार उचलावा लागू नये, म्हणून खालची कड जमिनीपासून चार इंचांवरच ठेवा.

प्रतिसाद २
बिबट्याचं हलक्यात घेऊ नका. कंपाउंडची भिंत तो सहज चढतो. ओट्यावर वेल्डमेशच्या लोखंडी जाळीचा पिंजरा करा, वरूनही बंद. सातपूर-अंबडला फॅब्रिकेटर भरपूर आहेत. आतल्या झडपेला कडी लावलेला पत्राही हवा, साप-विंचवासाठी.

धागाकर्ती
मनापासून आभार. खिडकी आहे, साडेतीन फूट रुंद, वर छज्जासुद्धा आहे! जाळीचं आईला लगेच पटलं. इंजिनिअरला रविवारी बोलावलंय. जाळी किती इंची चौकोनाची घ्यावी, तेवढं सांगाल का?