बॉस्टन मॅरेथॉन: थंड पावसात कोणते कपडे घालावेत?

घाटवाट:
नमस्कार. दोन वर्षांपासून मी बॉस्टनजवळ राहतो आणि येत्या एप्रिलमध्ये तिथली मॅरेथॉन प्रथमच धावणार आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट मी भर पावसात चढलो आहे, पण तो पाऊस हवाहवासा वाटतो. इथे मागच्या रविवारी चार अंश तापमानात पावसात धावताना अठराव्या किलोमीटरनंतर बोटे इतकी बधिर झाली की धावताना खायच्या ऊर्जा-जेलचे पाकीटही फाडता येईना. जलरोधक जॅकेट घ्यावे का?

मंदगती:
जरूर घ्यावे. शिवणींना आतून पट्टी लावलेले आणि वजनाने हलके असे पाहावे.

हॉपकिंटनचा_पाहुणा:
मंदगती यांच्याशी मी सहमत नाही. पूर्ण जलरोधक जॅकेटात तीन-चार तास धावल्यास घामच आत कोंडतो आणि माणूस पावसाऐवजी घामाने भिजतो. आपण भिजणार हे गृहीत धरावे आणि अंगातली ऊब कशी टिकेल याचा विचार करावा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे अंगाला चिकटलेले गार, ओले कापड हाच खरा शत्रू आहे. सुती बनियन तर घरीच ठेवावा. अंगाबरोबर बसणारा पातळ मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर आणि त्यावर वारा अडवणारे, गळ्यापाशी चेन उघडता येणारे पातळ जॅकेट मला पुरेसे वाटते.

वाऱ्याचा उल्लेख मुद्दाम करतो. हा मार्ग हॉपकिंटनहून बॉस्टनकडे, म्हणजे साधारण पूर्वेकडे जातो, त्यामुळे समुद्राकडून वारा सुटला की तो शेवटपर्यंत तोंडावर येतो. १६ एप्रिल २०१८ च्या शर्यतीत असाच वारा, मुसळधार पाऊस आणि गोठणबिंदूच्या थोडेसेच वर तापमान होते. गेलन रप यांच्यासह अनेक नामवंत मध्येच थांबले. युकी कावाउची २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत पुरुषांत, तर डेझिरी लिंडन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत महिलांत पहिल्या आल्या.

बोटांसाठी लोकरी हातमोज्यांवर डॉक्टर वापरतात तसे, पण मापाने मोठे रबरी हातमोजे चढवावेत. दिसायला विचित्र, पण माझ्या अनुभवात यासारखा उपाय नाही. जेलच्या पाकिटांना घरूनच छोटी चीर देऊन ठेवावी.

घाटवाट:
मनःपूर्वक आभार. बुटांचे काय? दुकानदार जलरोधक बूट सुचवतो.

मंदगती:
जॅकेटाबाबत माझे मत मागे घेतो; मी दहा किलोमीटरच्या हिशेबाने बोललो होतो. बुटांबाबत मात्र अनुभव आहे. जलरोधक बुटात पाणी घोट्याकडून शिरते आणि मग बाहेर पडत नाही, त्यामुळे जाळीदार बूटच बरे. पायमोजे पातळ लोकरी असावेत आणि बोटांना, टाचांना व्हॅसलिन चोपडावे.

हॉपकिंटनचा_पाहुणा:
बूट शर्यतीपूर्वीच भिजू देऊ नयेत, ही भर घालतो. बसने हॉपकिंटनला पोहोचल्यावर चिखलगवतात बराच वेळ काढावा लागतो, म्हणून जुने बूट, जुना स्वेटर आणि कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी अंगावर चढवून थांबावे. तिथे टाकलेले कपडे दान केले जातात. शर्यतीत दात वाजू लागले आणि शब्द अडखळू लागले, तर मात्र पुढच्या वैद्यकीय तंबूत शिरावे. मार्गावरची ती प्रसिद्ध चढण, हार्टब्रेक हिल, पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

घाटवाट:
रबरी हातमोजे आजच आणतो आणि रविवारी तीस किलोमीटरला वापरून पाहतो. अंदाज पावसाचाच आहे.