युद्धाचा निर्णय घेताना सरकारची नजर कुठे असते, सीमेवर की घरात?

महालवासी

२६ जानेवारीला पुतणीला घेऊन सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो होतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो, त्यामुळे रांग लांब होती. वर पोचल्यावर तिने विचारलं, "काका, अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांची ताकद माहीत होती ना? मग लढले कशाला? आणि लढायचंच होतं, तर दीड वर्ष आधी त्यांच्याशीच तह का केला?"

हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. १८१६ च्या मार्चमध्ये नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले वारले. मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. दरबारात एकीकडे चुलतभाऊ अप्पासाहेब, दुसरीकडे रघुजींची विधवा बांकाबाई आणि धर्माजी भोसले. अप्पासाहेबांना कारभार आपल्या हातात हवा होता, त्यासाठी पाठीशी कुणीतरी लागत होतं. मे महिन्यात त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, म्हणजे इंग्रजांची फौज आपल्या खर्चाने राज्यात ठेवायची. रघुजींनी जन्मभर टाळलेली गोष्ट यांनी दोन महिन्यांत केली, आणि कारण होतं वाड्यातलं. पुढे १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजीचा खून झाला, अप्पासाहेब गादीवर बसले, आणि आता तीच फौज गळ्यातला दगड झाली. सरदार नाराज, पुण्यात पेशव्यांनी लढाई सुरू केलेली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रं भर दरबारात स्वीकारली, आणि २६ तारखेच्या संध्याकाळी टेकडीवर तोफा सुरू झाल्या. हरल्यावर त्यांनी दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्सला कळवलं की हल्ला आपल्या संमतीवाचून झाला. डिसेंबरमध्ये स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी शहरातले अरब शिपाई सुखरूप बाहेर पडण्याची हमी मिळेपर्यंत लढतच राहिले.

तह घराकडे बघून केला, लढाईही घराकडे बघूनच. मला वाटतं, १९६२ ला चीनशी झालेल्या युद्धातही आपल्याकडे हेच घडलं. संसदेत रोज विचारणा होत होती, १९६२ च्या फेब्रुवारीत निवडणूक होती, आणि त्याआधी नोव्हेंबर १९६१ मध्ये पुढे सरकून चौक्या उभारायचं धोरण ठरलं. रसद पोचत नाही अशा जागी चौक्या. १२ ऑक्टोबर १९६२ ला कोलंबोला निघताना नेहरूंनी विमानतळावर पत्रकारांना सांगितलं की आपला प्रदेश मोकळा करायची सूचना लष्कराला दिली आहे. हे वाक्य कुणासाठी होतं? ईशान्येच्या सीमेवर नामका चू नदीच्या काठी सुती कपड्यांत कुडकुडणाऱ्या जवानासाठी नक्कीच नव्हतं. आठव्या दिवशी चिनी फौजा उतरल्या.

सरकार मतांसाठी युद्ध करतं असं मी म्हणत नाही. आपल्याच लोकांपुढे दुबळं दिसण्याची भीती सरकारला नको तिथे ढकलते, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

कामठीकर

नमस्कार काका. मी गार्ड्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालो, कामठीलाच राहतो. तुम्ही चांगलं लिहिलं, पण मले पटलं नाही. तुम्ही सारं आपल्या घरावर टाकून राहिले. समोरचा घरात घुसला तं सरकार काय करीन? ६२ ला चीन आला, ६५ ला पाकिस्तान आला, ९९ ला कारगिलच्या टेकड्यांवर तेच येऊन बसले. आपण कोनावर चाल करून गेलो? १ सप्टेंबर ६५ ला छांबमध्ये त्यांचे रणगाडे घुसले, अखनूरचा पूल गेला असता तं जम्मूचा रस्ताच तुटला असता. म्हणून शास्त्रीजींनी लाहोरकडे फौज पाठवली. हा नकाशाचा हिशोब आहे, निवडणुकीचा नाही.

आणि कारगिल घ्या. वाजपेयी सरकार १७ एप्रिलला एका मतानं पडलेलं, काळजीवाहू सरकार, पुढं निवडणूक. लोकाले खूश करायचं असतं तं नियंत्रण रेषा ओलांडा म्हनलं असतं. नाही ओलांडली. त्याची किंमत जवानांनी दिली, सरळ चढाईनं वर जावं लागलं. पण निर्णय लोकाच्या रागावर घेतला नव्हता.

महालवासी

हवालदार साहेब, अखनूरच्या बाबतीत तुमचं मान्य. पण १९६५ चा उन्हाळाही मोजा. एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी, ३० जूनला करार, आणि ऑगस्टमध्ये त्या कराराविरुद्ध दिल्लीत जनसंघाचा प्रचंड मोर्चा. नेहरूंच्या जागी आलेला हा लहानखुरा माणूस टिकेल का, असं लोक उघड विचारत होते. सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा सबुरी दाखवणं शास्त्रीजींना घरात परवडलं असतं का? नकाशा होताच, पण नकाशा वाचणारा माणूस मोकळा नव्हता.

गोकुळपेठची अभ्यासिका

काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, त्यामुळे हा काळ सध्या रोजचाच आहे. तुमच्या मांडणीत मला एक मोठी अडचण दिसते. २६/११ नंतर लोकांचा राग काय कमी होता? मुंबईत गेटवेजवळ हजारो लोक रस्त्यावर उतरले, गृहमंत्री गेले, मुख्यमंत्री गेले. निवडणूक सहा महिन्यांवर होती. तुमच्या नियमाने मनमोहन सिंग सरकारने काहीतरी करायलाच हवं होतं. त्यांनी हल्ला केला नाही. आणि २००९ मध्ये काँग्रेस १४५ वरून २०६ वर गेली. ज्या मुंबईवर हल्ला झाला तिथल्या सहाच्या सहा जागा काँग्रेस आघाडीने जिंकल्या!

उलट बाजूही पाहा. कारगिल जिंकल्यावर भाजपच्या जागा किती आल्या? १९९८ मध्ये १८२, १९९९ मध्येही १८२. मित्रपक्ष वाढले म्हणून सरकार भक्कम झालं. म्हणजे मतदार युद्धावर मत देतो हेच सिद्ध होत नाही, मग त्या भीतीने सरकार का वागेल?

आणि माओंनाही घर होतंच की. तिबेटमध्ये १९५९ चा उठाव, दलाई लामा भारतात, 'मोठी झेप' फसून पडलेला दुष्काळ. १९६२ चं कारण फक्त आपल्या संसदेत शोधलं तर निम्मं उत्तर हाती येतं.

महालवासी

ताई, माओंबद्दल तुझं बरोबर, ते मी सोडायला नको होतं. पण मतदार शेवटी काय करतो हे निकालानंतर कळतं. निर्णय घेताना पंतप्रधानांच्या हाती असतात सकाळची वर्तमानपत्रं आणि सभागृहातली आरडाओरड. भीती खरी ठरली नाही म्हणून ती नव्हती, असं कसं?

माझ्या बाजूने १९७१ घे. मार्चमध्ये इंदिराबाईंना ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. त्याच महिन्यात पूर्व बंगालमध्ये कत्तल सुरू झाली. निर्वासितांचे लोंढे सुरू झाले, ते पुढे कोटीच्या घरात गेले. विरोधक म्हणत होते बांगलादेशला लगेच मान्यता द्या, आता घुसा. त्या थांबल्या. पावसाळा जाऊ दिला, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, फौजेला तयारीला महिने दिले. ज्याचं घर भक्कम असतं त्याला 'आज नाही' म्हणता येतं. हाताशी साध्या बहुमताचं, वाकलेलं सरकार असतं तर हे आठ महिने मिळाले असते का?

अंबाझरी वसाहत

मी दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तेवढ्यापुरतं बोलतो. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री मेनन गेले, यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण आजही म्हणतो. त्यानंतरच्या काही वर्षांत भंडारा, चांदा, अंबाझरी इथे कारखाने उभे राहिले. विदर्भातल्या हजारो घरांत चूल त्यावर पेटली, माझ्याही. मला म्हणायचंय ते हे, की पराभवाचा राग लोकांनी दाखवला म्हणून ही तयारी झाली. १९६५ आणि ७१ ला त्याचा उपयोग झाला. म्हणजे घरचा दबाव नेहमी वाईटच, हे मला मान्य नाही.

सिव्हिल लाइन्स, वकील

महालवासींनी चुकीच्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. संसदेने विचारणा केली म्हणून नेहरू अडकले, हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो. क्रम बघा. चीनचा अक्साई चीनमधला रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला. आपल्या सरकारने चीनकडे निषेध नोंदवला ऑक्टोबर १९५८ मध्ये. संसदेला सांगितलं ऑगस्ट १९५९ मध्ये. जवळजवळ वर्षभर सरकारला माहीत होतं आणि खासदारांना नव्हतं. मग श्वेतपत्रिका निघाल्या, सगळी पत्रं एकदम लोकांपुढे आली, आणि एप्रिल १९६० मध्ये चौ एन लाय दिल्लीला आले तेव्हा प्रदेशाची देवाणघेवाण हा शब्द उच्चारण्याचीही सोय उरली नव्हती. लोक भडकले कारण त्यांना उशिरा कळलं. सुरुवातीपासून सांगितलं असतं, तर त्याच संसदेत शांत डोक्याने चर्चा झाली असती.

दुसरं. आपल्या राज्यघटनेत युद्ध सुरू करण्याआधी संसदेचं मत घ्यावं लागेल असं कलम नाही. लोकांचा दबाव सरकारवर किती, हे तुम्ही मोजताय. युद्धाने सरकारला लोकांवर किती सत्ता मिळते, तेही मोजा. २६ ऑक्टोबर १९६२ ला कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर झाली. लढाई २१ नोव्हेंबरला थांबली. आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये! पाच वर्षांहून जास्त काळ, आणि त्या काळात भारत संरक्षण नियमांखाली माणसं खटल्याशिवाय आत ठेवली गेली. घरच्या राजकारणाचा युद्धाशी संबंध शोधायचा तर तो इथे शोधा.

तरी त्याच १९६२ मध्ये एक चांगली गोष्ट घडली. तरुण वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन लगेच बोलवा अशी मागणी केली, नेहरूंनी मान्य केली, आणि सीमेवर लढाई चालू असताना ८ नोव्हेंबरला सभागृहात सरकारचे वाभाडे निघाले. १९९९ मध्ये लोकसभा विसर्जित होती म्हणून विरोधकांनी राज्यसभेचं अधिवेशन मागितलं. वाजपेयींच्या सरकारने ते बोलावलं नाही.

गोकुळपेठची अभ्यासिका

वकील साहेब, माहिती लपवल्याने राग वाढला हे पटतं. पण खुली चर्चा झाली की डोकी शांत राहतात, हे कशावरून? २०२५ च्या १० मेला पाकिस्तानशी लढाई थांबल्याची घोषणा झाली आणि ती वाचून दाखवणाऱ्या परराष्ट्र सचिवांवर लोक तुटून पडले, त्यांच्या मुलीलाही सोडलं नाही. चार दिवसांत थांबणं त्या लोकांना नको होतं. आमच्या अभ्यासिकेतही हेच चालू होतं, कराची पडल्याच्या खोट्या बातम्या मोठ्याने वाचल्या जात होत्या. सुरू करायला दबाव किती हे आपण बोलतोय, थांबवायला किती लागतो ते कुणी बोलत नाही. १९६५ च्या लढाईनंतर ताश्कंदला, आपण जिंकलेली हाजीपीर खिंड पाकिस्तानला परत द्यायचं ठरलं तेव्हा महावीर त्यागींनी मंत्रिपद सोडलं. ते तर शास्त्रीजींचे स्वपक्षीय होते.

महालवासी

तुझा हा मुद्दा माझ्या मूळ लेखात असायला हवा होता. आणि वकील साहेब, १९५९ बद्दल मी माझं म्हणणं बदलतो. दबाव संसदेने आणला हे खरं, पण तो एवढा साचला तो लपवाछपवीमुळे. तरी १२ ऑक्टोबरचं विमानतळावरचं वाक्य मी सोडणार नाही. त्या दिवशी काहीच लपवलेलं नव्हतं आणि तरीही ते बोलले.

हवालदार साहेब, तुम्ही गप्प झालात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा सीमेवर गेल्या, तेव्हा तुम्ही नोकरीत होता का?

कामठीकर

होतो. गप्प नव्हतो झालो, लिहू की नाही इचार करत होतो.

डिसेंबर २००१ मध्ये आम्हाले राजस्थानात नेलं. देशाले राग आला होता, मलेही आला होता, गाडीत सारे पोट्टे घोषणा देत होते. पहिल्या महिन्यात वाटे उद्या सुटू. जानेवारीत मुशर्रफचं भाषण झालं. मे मध्ये जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या घरच्यांवर हल्ला झाला, बायका पोरं मारली, तवा पुन्हा वाटलं आता सुटू. वाळूत पन्नासच्या जवळ गर्मी. ऑक्टोबरमध्ये परत फिरायचं ठरलं. दहा महिने. गोळी न चालता किती तरी जवान गेले, सुरुंग पेरताना, काढताना, गाड्यांच्या अपघातात. माझ्या सोबतचा एक गेला. नाव नाही लिहीत, त्याचे घरचे इथलेच आहेत.

तुम्ही विचारलं म्हणून सांगतो, काका. लढाई झाली नाही हे चांगलंच झालं असं मी आज म्हनतो. पण आम्हाले तिथं कशासाठी ठेवलं, पाकिस्तानले भीती दाखवाले का दिल्लीतल्या लोकाले धीर द्याले, हे मले तवा कळलं नाही. तुमचं पहिलं लिहिलेलं मले पटलं नाही म्हनलो ना, ते याच्याचमुळं. पटलं असतं तं त्या पोट्ट्याचं काय सांगू?

परतीच्या वेळेस आमचे पेरलेले सुरुंग आम्हीच काढले. गावचे लोक दूर रस्त्यावर उभे राहत. त्यांचा एकच प्रश्न असे, वावर केव्हा मोकळं होते? त्याचं उत्तर मी देऊ शकत होतो. हा पट्टा परवा, तो पुढच्या आठवड्यात.