मुदत उलटलेल्या आरपीसी कॉलमुळे पावती दोनदा का निघते?

प्रश्न (हिंजवडी, पुणे):
आमच्या बिलिंग प्रणालीत एक संगणक दुसऱ्यावरील ‘पावती तयार करा’ हे फंक्शन जीआरपीसी या आरपीसी साधनाद्वारे (आरपीसी म्हणजे दुसऱ्या संगणकावरील फंक्शन नेटवर्कवरून बोलावणे) बोलावतो. उत्तराची वाट पाहण्याची मुदत २ सेकंदांची असून ती उलटल्यास तोच कॉल पुन्हा केला जातो. काल एकाच व्यवहाराच्या दोन पावत्या निघाल्या. क्लायंटच्या (बोलावणाऱ्या संगणकाच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, पहिला कॉल अयशस्वी दिसतो, सर्व्हरच्या (पावती तयार करणाऱ्या संगणकाच्या) लॉगमध्ये मात्र दोन्ही यशस्वी आहेत. हे कसे?

उत्तर १:
मुदत उलटणे म्हणजे काम न होणे नव्हे. विनंती वाटेत हरवली, सर्व्हर मध्येच बंद पडला, की काम पूर्ण होऊन केवळ उत्तर उशिरा निघाले, हे क्लायंटला ओळखता येत नाही. दूरचे फंक्शन कोडमध्ये स्थानिक फंक्शनसारखेच दिसते आणि फसगत नेमकी तिथे होते. बिरेल आणि नेल्सन यांच्या आरपीसीवरील १९८४ सालच्या शोधनिबंधातही ही अनिश्चितता मान्य केलेली आहे.

उत्तर २:
मुदत वाढवून प्रश्न फक्त पुढे ढकलला जाईल. प्रत्येक व्यवहारासाठी क्लायंटनेच एक क्रमांक तयार करून प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवावा आणि डेटाबेसमधील त्या स्तंभावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा नियम) घालावे, म्हणजे दुसऱ्या विनंतीला सर्व्हर जुनीच पावती परत देऊ शकेल.

प्रश्नकर्ता:
क्रमांक होता, परंतु तो तयार करणारी ओळ पुनर्प्रयत्नाच्या लूपच्या आत होती, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नात नवा क्रमांक जात होता. आता ती बाहेर काढली आहे. आभारी आहे.