मदत हवी आहे : एक आधारपेशी, अनेक अक्षतंतू, तरी उत्तर चूक कसे?

निशाचर_०७
परवा परीक्षा आहे, म्हणून थेट विचारतो. चेतासंस्थेतील आधारपेशींवरच्या प्रश्नातील चित्रात एकाच पेशीने सात-आठ अक्षतंतू (चेतापेशींचे संदेश नेणारे लांब तंतू) धरलेले दिसतात, म्हणून मी ‘ऑलिगोडेंड्रोसाइट’, म्हणजे अनेक अक्षतंतूंना आवरण देणारी आधारपेशी, असे लिहिले आणि त्यावर लाल फुली पडली. श्वान पेशी ही दुसरी आधारपेशी एकाच अक्षतंतूला आवरण देते, हे तर सगळीकडे छापलेले आहे. मग चूक कोणाची?

भिंगवाला
चित्र मेंदूचे आहे की मेंदू-मेरुरज्जूबाहेरच्या मज्जातंतूचे, हे आपण सांगितलेलेच नाही.

पाठांतरप्रेमी
एवढ्या खोलात शिरू नका, तक्ता पाठ करा. अ‍ॅस्ट्रोसाइट रक्तवाहिन्यांना आपली टोके भिडवते, मायक्रोग्लिया सफाई करते, एपेंडायमल पेशी मेंदूतील पोकळ्यांना अस्तर लावतात. शिवाय आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हेही लिहा, गुण मिळतात.

भिंगवाला
दहापटीचा आकडा आता कोणी लिहू नये. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळपास तेवढ्याच इतर पेशी आढळल्या.

पाठांतरप्रेमी
आमच्या वेळच्या पुस्तकात दहापटच होते आणि आम्ही उत्तीर्ण झालो.

सावली
मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू व मेरुरज्जूतील मायलिनची (अक्षतंतूंभोवतीच्या मेदयुक्त आवरणाची) हानी होते, तर गियाँ-बारे विकारात बाहेरच्या मज्जातंतूंवर आघात होतो, हेही वाचून ठेवावे.

निशाचर_०७
हे मी विचारलेले नाही. चित्र पायातील मज्जातंतूच्या आडव्या छेदाचे आहे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले. त्याने काय फरक पडतो?

भिंगवाला
सगळा फरक त्यानेच पडतो. ऑलिगोडेंड्रोसाइट मेंदू आणि मेरुरज्जूतच असते. पायात ती सापडणार नाही. आपण वाचलेला नियम मायलिन तयार करणाऱ्या श्वान पेशीचा आहे, पण मायलिन न बनवणारी श्वान पेशीही असते आणि ती अनेक बारीक अक्षतंतूंना आपल्या अंगावरच्या खाचांमध्ये, प्रत्येकाला बहुधा वेगळ्या खाचेत, सामावून घेते. अशा जुडग्याला रेमाक जुडगा म्हणतात. वेदनेचे संदेश नेणारे मंद तंतू बहुतेक याच प्रकारचे असतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा ते दोन मीटर एवढाच असतो. त्या सात-आठ अक्षतंतूंभोवती मायलिनचे गडद, जाड कडे दिसते का?

निशाचर_०७
नाही. कडे फक्त चित्राच्या कोपऱ्यातल्या एका जाड अक्षतंतूला आहे, आणि त्याच्याजवळची पेशी त्या एकट्याचीच दिसते.

भिंगवाला
तीही श्वान पेशीच.