मदत हवी आहे : २९ वर्षांचा स्वमग्न भाऊ आणि दातांचं ड्रिल

भाऊ स्वमग्न आहे, मोजकेच शब्द बोलतो, पण चित्रं दाखवली की कळतं. खालच्या उजव्या दाढेला कीड लागलीय, महिन्याभरापासून एकाच बाजूने जेवतोय. सूज किंवा ताप नाही. फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू आहे, ते डॉक्टरांना माहीत आहे.

मागे एका दवाखान्यात चौघांनी धरून तपासलं होतं. त्यानंतर वर्षभर तो टूथब्रशसुद्धा तोंडाजवळ येऊ देईना! त्यामुळे धरून ठेवण्याचा सल्ला कृपया नको.

आताच्या डॉक्टर समजूतदार आहेत, दिवसातली पहिली वेळ देतात. पाच वेळा नुसते जाऊन आलो. चित्रांची पट्टी, दिव्यासाठी गॉगल, 'दहा आकडे झाले की थांबायचं' हा करार, घरी चमच्याने दात मोजणं, एवढ्यावर तो खुर्चीत आडवा होतो आणि आरसा तोंडात घेऊ देतो. गाडी अडते ती सक्शन (लाळ ओढून घेणारी नळी) आणि ड्रिलच्या आवाजाशी. हेडफोन लावले तरी कंप जाणवतोच, आणि तो उठून पळतो. घरी इलेक्ट्रिक ब्रश आधी हाताला, मग गालाला लावून बघतोय. गालापर्यंत आलोय, ओठांवर नाही.

डॉक्टरांच्या मते दाढ फार थांबणार नाही, सरावाने जमलं नाही तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन करू. पालकत्वाचं प्रमाणपत्र आईकडे आहे, म्हणजे संमतीची अडचण नाही.

ज्यांच्या घरी स्वमग्न मोठं माणूस आहे त्यांनी सांगा : कंपाची सवय तुम्ही कशी लावलीत, किती आठवडे लागले? की आधी भूल देऊन दाढ उरकावी आणि सराव नंतर सावकाश चालू ठेवावा? भुलीनंतर सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागला का?