मस्कतची मांजरी नाशिकला आणायची आहे, मार्गदर्शन हवे

प्रश्न (गंगापूर रोड)

माझा थोरला भाऊ गेली सहा वर्षे मस्कतला नोकरीला असून येत्या एप्रिलमध्ये तो सहकुटुंब कायमचा नाशिकला परतणार आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चाकाआड सावली धरून बसलेले, मागचा पाय जायबंदी झालेले एक पिल्लू माझ्या भाचीला सापडले. दादा-वहिनींनी उपचार केले, नसबंदी करून घेतली, आणि आता ती मांजरी रात्री भाचीच्या उशाशीच झोपते. आवराआवरीत तिचे हाल होऊ नयेत म्हणून, मी जानेवारीत पंधरा दिवस तिकडे जाणार आहे तेव्हा परतताना तिला सोबत आणावे, असे आम्ही ठरवत आहोत. आमच्या घरी अकरा वर्षांचा एक बोकाही आहे. काय तयारी करावी लागेल?

उत्तर (इंदिरानगर)

ताई, जानेवारीचा बेत कृपया रद्द करावा. २०१३ पासूनच्या नियमानुसार प्रवासी सामानासोबत पाळीव प्राणी आणण्याची मुभा ही परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमच्या परतणाऱ्या व्यक्तीलाच आहे, आणि तीही दोन प्राण्यांपुरती. पंधरा दिवसांसाठी गेलेल्या आपल्याला त्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागेल, जो घरगुती मांजरीसाठी मिळवणे सोपे नाही. ती आपल्या दादांच्या नावावर, त्यांच्या परतीच्या वेळीच यावी, हे उत्तम.

आम्ही शारजाहून आमचा बोका आणला तेव्हाचा अनुभव सांगतो. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप) बसवावी आणि मगच रेबीजची लस टोचावी, म्हणजे लसीच्या दाखल्यावर चिपचा क्रमांक येतो. ही लस प्रवासाच्या किमान ३० दिवस आधीची आणि १२ महिन्यांच्या आतली असावी. तिकडच्या सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि येथील प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र विमान सुटण्यापूर्वी हातात असावे. ज्या मोजक्या विमानतळांवर प्राणी उतरवता येतात त्यांत आपल्याला सोयीचे मुंबईच आहे.

आमच्या दाखल्यावर दवाखान्याने चिपच्या पंधरा आकड्यांतला शेवटचा आकडा चुकीचा लिहिला होता. विमान दोन दिवसांवर आलेले असताना माझ्या पत्नीने तो ताडून पाहिला म्हणून निभावले. आपण प्रत्येक कागद मिळाल्याक्षणी चिपशी पडताळून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर (पशुवैद्यक, कॉलेज रोड)

वरील माहितीत आरोग्याची बाजू जोडतो. रस्त्यावरून आलेल्या मांजरीची मांजरांतील ल्युकेमियाचा विषाणू आणि त्यांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्ही या दोन विषाणूंसाठी रक्ततपासणी तिकडेच करून घ्यावी. पहिला मुख्यतः लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच भांड्यात खाण्यातून पसरतो, तर दुसरा प्रामुख्याने खोल चाव्यातून. घरात वयस्कर बोका असल्याने यात हयगय नको. आल्यावर किमान दोन आठवडे तिला वेगळ्या खोलीत, शी-शूसाठी माती भरलेल्या वेगळ्या ट्रेसह ठेवावे. दार न उघडता दोघांचा वास एकमेकांना मिळावा म्हणून पांघरुणे अदलाबदल करावीत.

प्रवासासाठी गुंगीचे औषध मात्र देऊ नये, कारण त्याने उंचीवर श्वास आणि रक्तदाब दोन्ही बिघडू शकतात. त्यापेक्षा दीड-दोन महिने आधीपासून पिंजरा उघडा ठेवून त्यातच खाऊ घालावे. पिंजऱ्यात तिला उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. एप्रिलमध्ये मस्कत चांगलेच तापलेले असते, त्यामुळे उष्णतेच्या काळात प्राणी घेण्याबाबत विमान कंपनीचे नियम आधी विचारावेत आणि शक्य असल्यास रात्रीचे विमान घ्यावे.

उत्तर (पंचवटी)

मी गोदाघाटावरच्या मांजरांना रोज खाऊ घालते, म्हणून हा प्रश्न वाचताना मन थोडे खट्टू झाले. इथे पिल्ले पावसात भिजत असतात आणि दत्तक घेणारे मिळत नाहीत. परदेशातून मांजर आणण्याची हौस म्हणून कोणी हे करत असेल तर मी विरोधच करेन. परंतु दोन वर्षे उशाशी झोपवलेल्या जिवाला मागे टाकून येणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि आपल्या भाचीचा निर्णय मला योग्य वाटतो. मुंबईहून येताना कसारा घाटात पिंजऱ्याचे दार उघडू नका. घाबरलेले मांजर खिडकीच्या फटीतूनही निसटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दादाशी बोलणे झाले. मांजरी एप्रिलमध्ये त्याच्यासोबतच येईल. चिप बसवून झाली आहे, लस पुढच्या आठवड्यात आहे, आणि चिपचा क्रमांक वहिनींनी फ्रीजवर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. मी जानेवारीत रिकाम्या हाती परतेन, परंतु तिच्या पांघरुणाचा एक तुकडा आमच्या बोक्यासाठी घेऊन येईन.