सशर्त ग्रीन कार्ड आणि पतीची सही
एका ताईंनी लिहिले आहे की, विवाहामुळे मिळालेल्या अमेरिकेच्या दोन वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डावरील (म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यावरील) अट काढण्याच्या अर्जावर पतीने सही नाकारली, तर पत्नीला भारतात परतण्यावाचून पर्याय उरत नाही. हे बरोबर नाही, आणि याच समजापायी कितीतरी मुली नको ते सोसत राहतात. अट काढण्याचा हा अर्ज, म्हणजे आय-७५१, एरवी दोघांनी मिळून, कार्डाची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत करायचा असतो, हे खरे. परंतु विवाह प्रामाणिकपणे, म्हणजे केवळ ग्रीन कार्डासाठी नव्हे, झालेला असून पुढे घटस्फोट झाला, किंवा पतीकडून मारहाण वा अतिशय क्रूर वागणूक होत असेल, तर संयुक्त अर्जातून सूट मागून पत्नी एकटीने अर्ज करू शकते आणि त्यासाठी त्या ९० दिवसांची वाटही पाहावी लागत नाही. छळाच्या कारणावरून अर्ज करताना घटस्फोट झालेला असणे आवश्यक नाही, आणि अशा अर्जाची माहिती पतीला न देण्याचे बंधन कायद्यानेच अधिकाऱ्यांवर घातलेले आहे.

माझ्या नात्यातील एका मुलीला याच मार्गाने जावे लागले, तेव्हा सर्वांत कठीण गेले ते विवाह खरा असल्याचे दाखवणारे संसाराचे पुरावे जमवणे, कारण भाडेकरार, संयुक्त बँक खात्याची विवरणे आणि करविवरणपत्रे पतीच्याच ताब्यात होती. म्हणून या कागदांच्या प्रती प्रत्येकीने पहिल्यापासून स्वतःजवळ ठेवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.